सतराव्या वर्षी डोक्यावर घेतलेल्या खेळाडूचे पुढे काय होते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

युरोपातील एखाद्या अठरा-एकोणीस वर्षांच्या फुटबॉलपटूला कोणत्या क्लबने किती कोटी मोजून घेतले, याच्या बातम्या आपल्या क्रीडा पानावर नेहमी येतात आणि कोल्हापुरात त्या जितक्या आवडीने वाचल्या जातात तितक्या महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कोणत्याही शहरात वाचल्या जात नसतील. त्याच पानाच्या खालच्या कोपऱ्यात आपल्या एखाद्या पेठेतल्या दहावी-बारावीच्या मुलाने शाहू स्टेडियमवर दोन गोल केल्याची बातमी असते आणि तिच्या मथळ्यात त्या मुलाला कधी मेस्सीची, कधी रोनाल्डोची पदवी बहाल केलेली असते. या दोन बातम्यांचा एकमेकींशी जवळचा संबंध आहे, असे मला वाटते. हा संबंध दाखवण्यासाठी एका जर्मन खेळाडूची कारकीर्द आपल्या वाचकांपुढे सविस्तर मांडण्याची परवानगी मागतो. त्याचे नाव आज आपल्याकडे फारसे कोणाच्या लक्षात नाही. पण कोल्हापूरहून काही तासांच्या अंतरावर, मडगावच्या फातोर्डा मैदानावर, तो खेळून गेला आहे.

त्याचे नाव यान-फीटे आर्प. जन्म 6 जानेवारी 2000 चा, उत्तर जर्मनीतल्या बाड झेगेबेर्ग या लहानशा गावातला. लहान वयातच तो हॅम्बर्ग क्लबच्या युवा संघांत दाखल झाला आणि आघाडी फळीत खेळत एकेक वयोगट चढत गेला. 2017 च्या मे महिन्यात क्रोएशियात झालेल्या सतरा वर्षांखालील युरोपीय स्पर्धेत त्याने सात गोल केले, त्याच वर्षी जर्मन फुटबॉल महासंघाने त्या वयोगटातील सर्वोत्तम खेळाडूसाठीचे फ्रिट्झ वाल्टर सुवर्णपदक त्याला दिले आणि 30 सप्टेंबर 2017 रोजी वेर्डर ब्रेमेनविरुद्धच्या सामन्यात अखेरच्या काही मिनिटांसाठी मैदानात उतरून त्याने बुंडेसलिगात पदार्पण केले. 2000 साली किंवा त्यानंतर जन्मलेला कोणताही खेळाडू त्याच्याआधी जर्मनीच्या या सर्वोच्च स्पर्धेत उतरला नव्हता. हॅम्बर्ग आणि ब्रेमेन या दोन शहरांतली चुरस काय असते हे आपल्या पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ या संघांच्या समर्थकांना वेगळे समजावून सांगायची गरज नाही. तशा सामन्यात सतरा वर्षांच्या शाळकरी मुलाला उतरवले, यावरून त्याच्याकडून किती अपेक्षा होत्या ते कळते.

त्यानंतर आठवडाभरात तो गोव्यात होता. भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत जर्मनीचे पहिले दोन सामने फातोर्डावर झाले आणि कोल्हापुरातून गाड्या करून गेलेल्या फुटबॉलवेड्यांत मीही होतो. कोस्टारिकाविरुद्ध 2-1 ने जिंकलेल्या सामन्यातला पहिला गोल आर्पचा होता. अंगाने उंच, पण चेंडू पायात आल्यावर अजिबात घाई नाही, पाठीवर बचावपटू घेऊन वळण्याची हातोटी अशी की आमच्यातले जुने खेळाडू एकमेकांकडे बघून मान हलवत होते. दुसऱ्याच सामन्यात मात्र इराणने जर्मनीला 4-0 असे हरवले आणि हाच आर्प त्या दिवशी कोठे दिसलाही नाही. त्या दोन सामन्यांतले अंतर मला त्याच्या पुढच्या सगळ्या कारकिर्दीपेक्षाही बोलके वाटते, कारण सतरा वर्षांच्या खेळाडूचा खेळ असाच असतो. आज आभाळाला हात लावतो आणि तिसऱ्या दिवशी चेंडूच सापडत नाही. पुढे दिल्लीत जर्मनीने कोलंबियाला 4-0 ने हरवले, त्यात आर्पचे दोन गोल होते. याच कोलंबियाकडून आपला भारतीय संघ गटात 2-1 असा हरला होता आणि त्या भारतीय संघात आपला अनिकेत जाधव होता. म्हणजे आर्प आणि अनिकेत एकाच वयाचे, एकाच स्पर्धेत खेळलेले आणि एकाच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध उतरलेल्या दोन संघांतले. उपांत्यपूर्व फेरीत कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर साठ हजारांहून अधिक प्रेक्षकांपुढे आर्पने पेनल्टीवर गोल करून जर्मनीला आघाडी मिळवून दिली, पण उत्तरार्धात ब्राझीलने दोन गोल करून सामना नेला. ही तारीख 22 ऑक्टोबर.

कोलकात्याहून परतलेल्या या मुलाने सहाव्या दिवशी, म्हणजे 28 ऑक्टोबरला, बर्लिनच्या ऑलिम्पिक मैदानावर हेर्था संघाविरुद्ध गोल केला. हॅम्बर्ग तो सामना 2-1 असा हरला, तरी दुसऱ्या दिवशी चर्चा त्या एका गोलाचीच झाली. बुंडेसलिगात गोल करणारा तो 2000 नंतरच्या पिढीतला पहिला आणि हॅम्बर्ग क्लबच्या इतिहासातला सर्वांत तरुण खेळाडू ठरला होता. क्लबचा आधीचा हा विक्रम पुढे जगभर गाजलेल्या दक्षिण कोरियाच्या सन ह्युंग-मिनच्या नावावर होता, एवढे सांगितले म्हणजे त्या विक्रमाचे वजन कळावे. पुढच्याच आठवड्यात घरच्या मैदानावर स्टुटगार्टविरुद्ध 3-1 च्या विजयात त्याने आणखी एक गोल केला आणि मग जर्मन वृत्तपत्रांना आवर राहिला नाही. हॅम्बर्गमध्ये उवे झेलर या नावाला जे स्थान आहे ते सांगायचे तर आपल्याकडील कुस्तीचे दाखले द्यावे लागतील. त्या झेलरशी या शाळकरी मुलाची तुलना सुरू झाली. दोन गोल, तेही लागोपाठच्या दोन सामन्यांत, आणि तुलना थेट दैवताशी.

त्या हंगामात बुंडेसलिगात त्याने त्यानंतर एकही गोल केला नाही. कारण समजून घ्यायला त्याच्या खेळाकडे नव्हे, क्लबकडे पाहावे लागते. 1963 साली बुंडेसलिगा सुरू झाल्यापासून एकदाही खालच्या श्रेणीत न घसरलेला हॅम्बर्ग हा एकमेव क्लब होता आणि ते मिरवण्यासाठी त्यांनी आपल्या मैदानात वर्षे, दिवस, तास आणि सेकंद मोजणारे मोठे घड्याळ लावले होते. 2017-18 च्या हंगामात ते घड्याळ थांबण्याची वेळ आली. एका हंगामात क्लबने तीन प्रशिक्षक वापरले. प्रत्येक नव्या प्रशिक्षकाची आखणी वेगळी, प्रत्येक पराभवानंतर प्रेक्षकांचा संताप वेगळा आणि या सगळ्यात गोलची अपेक्षा मात्र ज्याचे शाळेचे दप्तर अजून सुटले नव्हते त्या मुलाकडून. बुडत्या संघाने तरुण खेळाडूकडे पाहायचे आणि त्याला तारणहार म्हणायचे, ही वृत्ती आपल्या तालीम संघांनाही अनोळखी नाही. 12 मे 2018 रोजी शेवटचा सामना जिंकूनही हॅम्बर्ग खाली गेला. आर्पने त्याच वसंतात आपल्या बारावीच्या तोडीची अबितूर परीक्षा दिली आणि तो उत्तीर्ण झाला. ही दुसरी गोष्ट जर्मन वृत्तपत्रांत फार मोठ्या अक्षरांत आली नसेल, पण शाळेत मुले खेळवण्यात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला त्याच्या दोन्ही गोलांपेक्षा तिचे अप्रूप अधिक वाटते.

पुढे बायर्न म्युनिकने त्याच्यासाठी करार केला आणि 2019 च्या उन्हाळ्यात तो तिकडे गेला. तेथे आघाडी फळीत रॉबर्ट लेवांडोव्स्कीसारखा नावाजलेला गोलवीर असताना एकोणीस वर्षांच्या मुलाला जागा कोठून मिळणार, हा प्रश्न तेव्हा कोणीतरी विचारायला हवा होता, पण मोठ्या क्लबचे बोलावणे आले की असे प्रश्न घरातही विचारले जात नाहीत. तेथे गेल्यावर थोड्याच काळात हाताचे हाड मोडले. त्यामुळे आणि लय हरवल्यामुळे तो मुख्यतः बायर्नच्या दुसऱ्या संघाकडून, जर्मनीच्या तिसऱ्या श्रेणीत खेळला. त्या संघाने 2020 मध्ये ती श्रेणी जिंकली आणि पुढच्याच वर्षी तोच संघ खाली घसरला. बायर्नच्या मुख्य संघातर्फे अधिकृत सामन्यात आर्प उतरला तो ड्यूरेन या खालच्या श्रेणीतल्या संघाविरुद्ध, जर्मन चषकाच्या पहिल्या फेरीत, ऑक्टोबर 2020 मध्ये. झेलरचा वारसदार म्हणून ज्याची छायाचित्रे छापली गेली, त्याची देशातल्या सर्वांत मोठ्या क्लबमधली कमाई अशी. बायर्नने तरुण मुलांना घेऊन ठेवायचे आणि मग त्यांच्यासाठी जागा नाही म्हणायचे, हे जर्मन व्यवस्थेचे गुणगान करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. तिकडेही सगळे धुतल्या तांदळासारखे नाही.

आपल्याकडे ही कथा येथे संपली असती. जर्मनीत ती संपली नाही, आणि माझे पत्र लिहिण्याचे खरे कारण हा पुढचा भाग आहे. 2021 मध्ये आर्प उसनवारीच्या करारावर होलश्टाइन कील या दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबकडे गेला. कील हे त्याच्या जन्मगावाच्याच प्रांतातले बंदर. वर्षभराने त्याचा तेथे कायमचा करार झाला. तेथे तो कोणाचा वारसदार नव्हता. कधी पहिल्या अकरात, कधी राखीव बाकावर, असा एका मध्यम क्लबचा मध्यम खेळाडू म्हणून तो दर आठवड्याला काम करत राहिला. 2024 च्या मे महिन्यात कीलने इतिहासात प्रथमच बुंडेसलिगात प्रवेश मिळवला. त्या प्रांतातला कोणताही क्लब त्याआधी तेथवर पोहोचला नव्हता. गंमत अशी की हॅम्बर्ग त्या वेळीही दुसऱ्या श्रेणीतच अडकून पडला होता. ज्या क्लबने सतराव्या वर्षी त्याच्याकडून तारणाची अपेक्षा केली, त्याच्याआधी वर्षभर तो मुलगा स्वतःच्या पायांनी सर्वोच्च श्रेणीत परतला. 2025 पासून तो डेन्मार्कमधील ओडेन्स क्लबकडून खेळतो आहे आणि तो क्लब त्याच वर्षी तिथल्या पहिल्या श्रेणीत परत आला. पंचविशी ओलांडलेला, शिकलेला, आपल्या धंद्यातून नियमित उपजीविका करणारा हा व्यावसायिक फुटबॉलपटू आहे. समाजमाध्यमांवर त्याला वाया गेलेली गुणवत्ता म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तसे वाटत नाही. वाया गेली असेल तर आपण त्याच्या नावावर लिहिलेली अपेक्षा गेली.

त्याच जर्मन संघातला दुसरा एक मुलगा येथे आठवतो. कोलंबियाविरुद्धच्या त्या सामन्यात आर्पच्या दोन गोलांमध्ये एक गोल मधल्या बचावपटूने केला होता, यान ऑरेल बिसेकने. बचावपटूची कोणी झेलरशी तुलना करत नाही. भारतातून परतल्यावर वयाच्या सोळाव्या वर्षीच त्याला कोलोन क्लबने बुंडेसलिगात उतरवले, आणि तेवढ्यावर त्याचा तेथला काळ जवळजवळ संपला. मग कील, नेदरलँड्समधील रोडा, पोर्तुगालमधील गिमारायश आणि शेवटी डेन्मार्कमधील आरहूस, अशा एकामागून एक ठिकाणी तो सामने मिळवण्यासाठी फिरत राहिला. या वर्षांत त्याच्याबद्दल फारसे कोठे छापून आले नाही. 2023 मध्ये इटलीच्या इंटर मिलानने त्याला घेतले, 2024 मध्ये तो तेथील विजेतेपदाच्या संघात होता आणि 2025 मध्ये जर्मनीच्या ज्येष्ठ संघाकडून खेळला. फातोर्डावर त्या दिवशी आम्ही सगळे आर्पकडे बघत होतो. बिसेककडे बघितल्याचे मला कोणी सांगितलेले नाही.

या दोघांच्या कारकिर्दीत नशिबाचा भाग आहेच, पण नशिबाला टेकायला पायऱ्याही होत्या, आणि त्या जर्मन लोकांनी ठरवून बांधल्या. 2000 सालच्या युरोपीय स्पर्धेत जर्मनी आपल्या गटात तळाला राहिली, तीन सामन्यांत एक गुण मिळवून. त्या नामुष्कीनंतर महासंघाने आणि क्लबांनी मिळून पहिल्या दोन श्रेणींतील प्रत्येक क्लबला युवा प्रशिक्षण केंद्र चालवणे सक्तीचे केले, त्याशिवाय खेळण्याचा परवानाच मिळेना. जे क्लबांच्या नजरेत येत नाहीत अशा खेड्यापाड्यांतल्या मुलांसाठी देशभर साडेतीनशेहून अधिक गुणवत्ता केंद्रे उभी केली. निवडक शाळांशी करार करून मुलांचा सराव आणि त्यांचे तास यांचा मेळ बसवला. बुंडेसलिगाच्या खाली दुसरी आणि तिसरी व्यावसायिक श्रेणी आहे, तिच्याखाली प्रादेशिक श्रेणी आहे, मोठ्या क्लबांचे दुसरे संघ या खालच्या श्रेणींत खेळतात. या सगळ्याचा एकत्रित परिणाम असा की वरच्या मजल्यावरून पाय घसरला तर माणूस खालच्या मजल्यावर पडतो, थेट रस्त्यावर नाही. आर्प दोन मजले खाली पडला आणि जिना चढून परत आला.

आता आपल्या शहराकडे येतो. कोल्हापूरच्या फुटबॉलला आर्थिक बळ कमी असेल, पण कणा भक्कम आहे, हे कोणीही मान्य करील. पेठापेठांतल्या तालमींनी कुस्तीबरोबर फुटबॉलही वाढवला, संस्थानच्या काळापासून त्याला राजाश्रय मिळाला, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन म्हणजे केएसए या संघटनेच्या वरिष्ठ गटात सोळा संघ खेळतात आणि त्याखाली आणखी गट आहेत. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, प्रॅक्टिस, फुलेवाडी, संध्यामठ या नावांवर माणसे भांडतात आणि जीवही लावतात. दुपारच्या उन्हात भरणारे स्टेडियम पुण्या-मुंबईच्या संघांना पाहायला मिळत नाही. पण या उत्साहाचा कारभार असा आहे की सोळा-सतरा वर्षांचा चांगला मुलगा दिसला रे दिसला की तो सरळ वरिष्ठ संघात येतो, हंगामाआधीच्या नोंदणीच्या दिवसांत त्याला आपल्याकडे ओढण्यासाठी चढाओढ लागते, त्याच्या नावाचे फलक चौकात लागतात आणि दोन हंगामांनी, गुडघा दुखावला किंवा एखादी पेनल्टी हुकली, की त्याच चौकात त्याचा उद्धार होतो. मधली पायरीच नाही. आर्पला कील मिळाले, आपल्या मुलाला काय मिळते?

अनिकेत जाधव आपल्याला फार जवळचा, म्हणून त्याचे उदाहरण नीट पाहावे. तो कोल्हापूरचा असला तरी त्याची घडण शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत, पुण्यात झाली. म्हणजे शाळा, निवास आणि सराव एका छताखाली मिळालेल्या मोजक्या मुलांपैकी तो एक. सतरा वर्षांखालील विश्वचषकानंतर त्या वयाच्या खेळाडूंना नियमित सामने मिळावेत म्हणून भारतीय महासंघाने पुन्हा उभ्या केलेल्या इंडियन ॲरोज संघातून तो आय-लीग खेळला, पुढे जमशेदपूर आणि हैदराबादकडून इंडियन सुपर लीगमध्ये उतरला, मधल्या काळात इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये सरावाची संधीही त्याला मिळाली. हैदराबादने 2022 मध्ये सुपर लीग जिंकली तेव्हा तो त्या संघात होता. आपण त्याचा अभिमान बाळगतो ते योग्यच आहे. परंतु त्याच्या पायाखाली ज्या पायऱ्या होत्या त्या आपल्या शहराने बांधल्या नव्हत्या, हेही मान्य केले पाहिजे. त्याच्याबरोबर शालेय स्पर्धा खेळलेली आणि येथेच राहिलेली मुले आज काय करतात, असे कोणी शोधायला निघाले तर त्याला उत्तरे मिळतील, फक्त ती छापण्याजोगी असतीलच असे नाही.

दोन गोष्टींकडे विशेष लक्ष वेधतो. पहिली परीक्षेची. आपला हंगाम हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे बारावी आणि दहावीच्या परीक्षांच्या ऐन दिवसांत, सामने रंगात आलेले असतात. शिक्षक म्हणून मी असे पालक पाहिले आहेत जे मुलाला सामन्याला पाठवू का, असे विचारायला शाळेत येत, आणि असेही पाहिले आहेत जे विचारायला येतच नसत, कारण तालमीच्या ज्येष्ठ मंडळींना नाही म्हणण्याची त्यांची प्राज्ञा नव्हती. मुलगा परीक्षेला बसतो, पण आदल्या दिवशीचा सामना त्याच्या डोक्यात असतो. किंवा तो बसतच नाही, पुरवणी परीक्षेला बघू म्हणतो, आणि ती पुरवणी कधीच येत नाही. बुंडेसलिगासारख्या कोट्यवधींच्या धंद्यात वावरणारा मुलगा शालान्त परीक्षा देऊ शकतो आणि आपल्या हौशी फुटबॉलमध्ये मात्र सामन्यासाठी परीक्षा सुटते, याची लाज खेळाडूला नव्हे, आम्हा मोठ्यांना वाटायला हवी.

दुसरी गोष्ट दुखापतीची. लेव्हरकुसेन या जर्मन क्लबकडून त्या वेळी खेळणाऱ्या फ्लोरियन विर्ट्झचा गुडघ्याचा अस्थिबंध मार्च 2022 मध्ये फाटला तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. क्लबने त्याला घाई केली नाही. उलट तो जायबंदी असतानाच त्याचा करार वाढवला, तो सुमारे दहा महिन्यांनी, जानेवारी 2023 मध्ये मैदानात परतला, आणि 2024 मध्ये एकही सामना न हरता लेव्हरकुसेनने बुंडेसलिगा जिंकली त्यात त्याचा सिंहाचा वाटा होता. आपल्याकडे हीच दुखापत झाली की शस्त्रक्रियेसाठी मित्रमंडळी वर्गणी काढतात, काही तालमी हात सैल सोडतात हेही खरे, पण शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामोपचाराचे सहा-आठ महिने कोण पाहणार? तेवढे थांबायला हंगाम तयार नसतो. गुडघ्याला पट्टा बांधून अंतिम सामना खेळलेल्या मुलाचे आपण कौतुक करतो. ते कौतुक त्या गुडघ्याला महागात पडते. विर्ट्झच्या वाट्याला जे उपचार आले त्यासाठी लागणारा पैसा आपल्याकडे नाही, पण थांबायला पैसा लागत नाही.

यावर कोणी म्हणेल की पेठेची ईर्ष्या आणि पोरांचे कौतुक हेच तर कोल्हापूरच्या फुटबॉलचे इंधन आहे, ते काढून घेतले तर स्टेडियम ओस पडेल. या म्हणण्यात तथ्य आहे आणि मी स्वतः त्या गॅलरीत घसा बसेपर्यंत ओरडलेला माणूस आहे. माझा आक्षेप संघाच्या ईर्ष्येला नाही. संघ शंभर वर्षे टिकतो, तो कौतुक आणि शिव्या दोन्ही पचवतो. सतरा वर्षांच्या मुलाला ते पचत नाही. त्यात अलीकडे बहुतेक संघ परदेशी आणि परगावचे खेळाडू मोसमापुरते आणतात. त्यांच्यामुळे खेळाचा दर्जा वाढला हे मी नाकारत नाही, परंतु आघाडीच्या जागा त्यांनी भरल्यावर स्थानिक मुलाला उरतात ती शेवटची दहा मिनिटे किंवा चिडलेल्या प्रेक्षकांपुढची पेनल्टी किक. त्याला वीस-पंचवीस सामने कमी दबावात खेळायला मिळतील अशी जागाच उरत नाही.

वृत्तपत्रांचा वाटाही यात आहे, म्हणून हे पत्र संघटनेला न लिहिता आपल्याला लिहितो आहे. आपला वार्ताहर मैदानावर असतो, सामन्याचे वर्णन चांगले करतो, गोल कोणत्या मिनिटाला झाला हे अचूक देतो. पण सोळा वर्षांच्या मुलाच्या नावामागे पदव्या लावणे आणि तोच मुलगा पुढच्या सामन्यात चुकला की मथळ्यात त्याचे नाव घेऊन पराभवाचे खापर फोडणे, हे दोन्ही थांबवता येईल. अठरा वर्षांखालील खेळाडूच्या चुकीबद्दल नाव न घेता लिहावे, एवढा साधा संकेत आपल्या संपादकीय विभागाने पाळला तरी शहरातले इतर वार्ताहर तो पाळू लागतील. शिवाय शालेय आणि वयोगटांच्या स्पर्धांना मिळणारी जागा फार थोडी आहे. गांधी मैदानावर किंवा मेरी वेदरवर सकाळी चौदा वर्षांखालील मुलांचा सामना होतो तेव्हा तेथे पालक, दोन शिक्षक आणि फुगेवाला यांच्याखेरीज कोणी नसते. त्या सामन्याचा निकाल, मुलांच्या शाळांच्या नावांसह, दुसऱ्या दिवशी आपल्या पानावर दिसला तर त्या मुलांना आपली पायरी दिसेल आणि ती चढायला वेळ आहे हेही कळेल.

संघटनेच्या आणि तालमींच्या कारभाऱ्यांना आपल्या स्तंभातून तीन विनंत्या पोहोचवाव्यात. दहावी आणि बारावीच्या परीक्षांचे वेळापत्रक शिक्षण मंडळ महिनोन्‌महिने आधी जाहीर करते, तेव्हा त्या दिवसांत परीक्षार्थी खेळाडूंना सामन्यातून सूट द्यावी आणि त्यांच्या गैरहजेरीचा त्यांच्या संघातील जागेवर परिणाम होऊ नये. वरिष्ठ गटातील प्रत्येक संघाला एकोणीस वर्षांखालील दुसरा संघ नोंदवणे आवश्यक करावे आणि त्या संघांची साखळी स्पर्धा स्टेडियमवर, मुख्य सामन्याच्या आधी, त्याच दिवशी खेळवावी, म्हणजे प्रेक्षकही मिळतील आणि मैदानाचा वेगळा खर्चही येणार नाही. तिसरी विनंती, दुखापतीनंतर परतणाऱ्या अठरा वर्षांखालील खेळाडूला डॉक्टरांच्या दाखल्याशिवाय उतरवू नये. यातील एकाही गोष्टीला जर्मन पैसा लागत नाही. नव्या हंगामाची खेळाडू नोंदणी सुरू होण्यापूर्वी या विषयावर आपण केएसएचे पदाधिकारी, तालमींचे प्रतिनिधी, मुख्याध्यापक आणि माजी खेळाडू यांची मते मागवून छापावीत. शिक्षकांच्या बाजूने लिहायला मी आणि माझे काही जुने सहकारी तयार आहोत.

आपला नम्र वाचक,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर